किरिन्यागाच्या पायथ्याचे मिरासदार

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा जो प्रचंड उद्योग १९१९ साली आरंभिला, त्याच्या मुळाशी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आदल्या वर्षी मांडलेली सूचना आणि देऊ केलेली एक लक्ष रुपयांची देणगी होती, हे पुष्कळ पुणेकरांस ठाऊक असते. परंतु याच बाळासाहेबांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत हे पुढे स्वतंत्र भारताचे पहिले आयुक्त म्हणून नैरोबीस गेले, तेथील किकुयू नामक कृषक समाजाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी सख्य जोडले, आणि या सख्यापायीच ब्रिटिश सरकारची त्यांच्यावर इतराजी झाली, ही हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. ती सांगावयाची तर आधी किकुयू म्हणजे कोण, हे सांगितले पाहिजे. आणि ते सांगताना मराठी माणसाला एक सोय आहे, ती अशी की त्या समाजाच्या इतिहासाचे सारे मर्म ज्या जमिनीच्या हक्कात साठविलेले आहे, तो हक्क आपल्या मिराशीच्या इतका जवळचा आहे की इंग्रज कलेक्टरापेक्षा जुन्या काळच्या एखाद्या पाटील-कुलकर्ण्याला तो लवकर उमगला असता.

पूर्व आफ्रिकेतील केनिया देशाच्या मध्यभागी, विषुववृत्ताच्या लगत, १७,००० फुटांहून उंच असा एक हिमाच्छादित पर्वत उभा आहे. किकुयू लोक त्याला किरिन्यागा म्हणतात, आणि त्यांचा देव न्गाई पृथ्वीवर येतो तेव्हा त्याच शिखरावर वास करतो अशी त्यांची श्रद्धा आहे. या पर्वताच्या दक्षिणेस व पश्चिमेस न्येरी, मुरांगा, किआंबू आदी जिल्ह्यांत तांबड्या मातीच्या उभ्या धारा आणि त्यांच्यामधून वाहणारे असंख्य ओढे यांचा जो सुपीक मुलूख पसरला आहे, तोच किकुयूंचा देश. २०१९ च्या शिरगणतीत त्यांची संख्या ८१ लाखांवर भरली. केनियातील सर्व जनसमूहांत ती सर्वांत मोठी आहे.

त्यांची उत्पत्तिकथा अशी की न्गाईने गिकुयू या आद्य पुरुषास पर्वतशिखरावरून हा सारा देश दाखविला, मुरांगातील मुकुर्वे वा न्यागथांगा या ठिकाणी वस्ती करावयास सांगितले, आणि मुंबी नावाची पत्नी दिली. या दांपत्यास नऊ मुली झाल्या. खरे पाहता मुली दहा; परंतु माणसे नेमकी मोजू नयेत असा त्या समाजाचा दंडक असल्यामुळे ‘भरलेले नऊ’ असे म्हणून दहावीचा अंतर्भाव केला जातो. किकुयूंची कुळे या मुलींच्या नावांनी चालतात, आणि अंजिरू, अंबुई ही नावे आजही लग्नसंबंध जुळविताना विचारली जातात. वंश पित्याकडून मोजणाऱ्या समाजाने आपल्या कुळांची नावे मात्र आद्य मातांवरून ठेवावीत, हा विशेष ध्यानात घेण्यासारखा आहे. या मुलींसाठी वर मिळाले ते मुगुमो वृक्षाखाली यज्ञ केल्यावर. मुगुमो हा आपल्या वड, पिंपळ आणि औदुंबर यांच्याच कुलातला वृक्ष. तो तोडणे निषिद्ध, त्याच्या छायेत कोकराचा बळी देऊन पावसासाठी प्रार्थना करावयाची, आणि प्रार्थना करताना तोंड किरिन्यागाकडे ठेवावयाचे. पुढे १९७७ साली वृक्षारोपणाची हरितपट्टा चळवळ काढून २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या वांगारी माथाई या न्येरी जिल्ह्यातल्याच किकुयू विदुषी. मुगुमो तोडू नये हा लहानपणी मिळालेला धडा त्या आवर्जून सांगत असत.

किकुयूंच्या शेतातील दोन पिके मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. एक नाचणी आणि दुसरे वाल. नाचणीची आंबील ते पितात, आणि न्जाही नावाचा काळा वाल तर त्यांच्याकडे इतका प्रतिष्ठेचा की बाळंतिणीच्या आहारात आणि लग्नकार्याच्या पंगतीत त्यावाचून चालत नाही. ही दोन्ही धान्ये मुळात आफ्रिकेची. समुद्रमार्गाने ती हजारो वर्षांपूर्वी आपल्याकडे आली आणि कोकणच्या वरकस जमिनीत व देशावरच्या परसात अशी रुजली की ती परदेशची आहेत याची कोणास शंकाही येत नाही.

आता त्या जमिनीच्या हक्काकडे वळू. एखादा पराक्रमी पुरुष नवे रान तोडून, किंवा रानात राहणाऱ्या शिकारी लोकांस शेळ्यामेंढ्या देऊन, धारेचा एक पट्टा मिळवी. त्या जमिनीस गिथाका म्हणत, आणि त्या पुरुषाच्या वंशजांचा जो भाऊबंदांचा समूह होई त्यास म्बारी. जमीन म्बारीची; प्रत्येक कुटुंबाचा कसण्याचा तुकडा निराळा; पण वडीलधाऱ्या कारभाऱ्याच्या आणि भाऊबंदांच्या संमतीवाचून ती परक्यास देता येत नसे, आणि दिली तरी घेतलेल्या शेळ्या परत करून पुन्हा सोडवून घेण्याचा हक्क शाबूत राही. हद्दीवर इतोका नावाची कंदवर्गीय फुलझाडे लावीत. तो कंद सहजी मरत नाही. वरची पाने जळाली तरी पावसात पुन्हा कोंब येतो, म्हणून हद्दीची खूण पिढ्यान्‌पिढ्या टिके. ज्यांस आपली जमीन नसे ते अहोई म्हणून दुसऱ्याच्या गिथाकावर राहत; ते भाडे देत नसत, परंतु मालकाच्या घरबांधणीस हात लावणे, सणासुदीला मद्याचा घडा पोहोचविणे, असा मान ठेवीत. हद्दीचा तंटा उपस्थित झाला की कियामा म्हणजे वृद्धांची सभा बसे, साक्षी होत, शपथा होत आणि निवाडा होई.

पेशवे दफ्तरातील मिराशीचे महजर म्हणजे निवाडापत्रे ज्याने पाहिली असतील त्यास यात नवे काहीच वाटणार नाही. आपल्या देशावरही थळ नावाचा जमिनीचा मोठा पट्टा एका घराण्याचा असे, त्यातील भाऊबंदांच्या समूहास जथा म्हणत. मिरासदार गाव सोडून परागंदा झाला आणि कित्येक वर्षांनी त्याचा वंशज परत आला तरी त्याची मिरास बुडाली असे मानीत नसत. उपरी कुळ मात्र कौलापुरते. तंट्यात गोतसभा बसे. १८१९ च्या आपल्या अहवालात एल्फिन्स्टनने या मिराशीची नोंद आदराने घेतली आहे. पुढे इंग्रजी अंमलात इंदापूर तालुक्यापासून नवी जमाबंदी सुरू होऊन जमीन एकेका खातेदाराच्या नावावर चढली, ती गहाण पडू लागली, विकली जाऊ लागली, आणि १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, तो इतिहास प्रसिद्ध आहे. तथापि दख्खनमध्ये इंग्रजांनी मिरासदाराच्या मानेवर सावकार बसू दिला, त्याच्या शेतात गोरा शेतकरी आणून बसविला नाही. केनियात मात्र नेमका तोच आणून बसविला.

किकुयूंवर राजा नव्हता. एकाच वेळी सुंता झालेल्या तरुणांचा एक रीका म्हणजे वयोगट होई. त्या वर्षातील दुष्काळ, साथ, टोळधाड अशा घटनेचे नाव त्या गटास मिळे, आणि ही नावे ओळीने म्हणता आली की समाजाची बखरच तोंडपाठ झाली. राज्यकारभार एका पिढीने सुमारे तीस वर्षे पाहावयाचा आणि मग इतुइका नावाच्या मोठ्या सोहळ्यात तो पुढच्या पिढीच्या स्वाधीन करावयाचा. सत्ता ही ठरल्या मुदतीने सोडावयाची वस्तू आहे, हे तत्त्व ज्या समाजाने राजाशिवाय, लेखी सनदेशिवाय पिढ्यान्‌पिढ्या पाळले, त्यास रानटी म्हणणाऱ्यांनी आपल्या अज्ञानाचेच प्रदर्शन केले, असे मला वाटते. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सुरू झालेला इतुइकाचा सोहळा वसाहती अंमलाखाली पुरा होऊ शकला नाही.

त्या अंमलाचा शिरकाव झाला तो अत्यंत वाईट मुहूर्तावर. ब्रिटिश कंपनीच्या ठाण्याशी झगडणारा दागोरेतीचा पुढारी वायाकी वा हिंगा १८९२ मध्ये कैद होऊन किनाऱ्याकडे नेला जात असता वाटेत किब्वेझी येथे मरण पावला. त्यानंतरच्या दहा वर्षांत गुरांचा रोग, देवीची साथ आणि १८९८ च्या सुमाराचा भीषण दुष्काळ यांनी दक्षिण किकुयू मुलूख ओस पडला. लोक आप्तांकडे आश्रयास गेले होते, इतोकाचे कंद हद्दीवर तसेच होते. परंतु मोंबासाहून येणाऱ्या रेल्वेतून उतरलेल्या गोऱ्यांस ती जमीन बेवारस दिसली. जमिनीविषयीचे कायदे १९०२ आणि १९१५ साली झाले, उच्चभूमीतील सुमारे ७५ लाख एकर गोऱ्यांसाठी राखले गेले, दर झोपडीमागे कर बसला, पुढे प्रत्येक आफ्रिकी पुरुषाने किपांदे नावाचा ओळखीचा दाखला धातूच्या डबीत घालून गळ्यात अडकविण्याचा हुकूम सुटला. आणि १९२१ मध्ये दोन किकुयू बंधूंनी आपल्या जमिनीसाठी केलेल्या दाव्यात मुख्य न्यायाधीश बार्थ यांनी असा निकाल दिला की जमीन सर्वस्वी बादशाही सरकारची असून आफ्रिकी लोक हे सरकारच्या मर्जीपुरते कूळ आहेत. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर एका दस्तऐवजाने सारा मिरासदार समाज स्वतःच्याच गावात उपरी ठरला.

ती रेल्वे बांधावयास हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर नेले होते. त्यांतले काही हजार तेथेच राहिले आणि मागून व्यापारी, कारकून, वकील गेले. गोऱ्यांच्या खाली आणि आफ्रिकींच्या वर अशा अवघड पायरीवर हा समाज बसला. १९२३ मध्ये समान मताधिकार आणि उच्चभूमीत जमीन घेण्याचा हक्क यांसाठी हिंदी लोकांचा झगडा लंडनपर्यंत गेला; त्यात हिंदुस्थानची बाजू मांडणाऱ्या शिष्टमंडळाचे प्रमुख होते पुण्याच्या भारत सेवक समाजाचे अध्यक्ष श्रीनिवास शास्त्री. निर्णय विरुद्ध गेला आणि शास्त्र्यांचे अंतःकरण विदीर्ण झाले. ब्रिटिश सरकारने मात्र हिंदी मागणी फेटाळण्याच्या निमित्ताने आफ्रिकींचे हित सर्वोपरी असल्याची घोषणा केली आणि गोऱ्यांच्या ताब्यातला एकही एकर सोडला नाही. शास्त्र्यांची समतेची मागणी न्याय्य होती यात संशय नाही. पण ज्या उच्चभूमीत गोऱ्यांच्या बरोबरीने जागा मागितली ती मुळात कोणाची, हा प्रश्न आपल्या बाजूनेही पुरेसा विचारला गेला नाही, हे आज स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. अपवाद होते. नैरोबीतील मणिलाल देसाई यांनी आपला छापखाना हॅरी थुकू या तरुण किकुयू पुढाऱ्यास मोकळा केला. थुकूस मार्च १९२२ मध्ये अटक झाली तेव्हा चौकीसमोर जमलेल्या जमावावर गोळीबार झाला. मेरी मुथोनी न्यांजिरू ही पुरुषांच्या भेकडपणाचा जाहीर धिक्कार करून पुढे सरसावलेली स्त्री त्यात ठार झाली.

यानंतरची चळवळ दोन वाटांनी गेली. एक अर्जविनंत्यांची. किकुयू केंद्रीय संघाचा चिटणीस जोमो केन्याटा १९२९ साली जमिनीची कैफियत घेऊन लंडनास गेला, पुढे तेथे मॅलिनोव्हस्की या मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकला, आणि १९३८ मध्ये आपल्या समाजाच्या आचारविचारांचे सविस्तर वर्णन करणारा ‘फेसिंग माउंट केन्या’ हा ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. त्या ग्रंथातील जमिनीच्या हक्काचे प्रकरण हे एका अर्थी म्बारीचे महजरच आहे. दुसरी वाट शाळांची. मिशनांनी १९२९ च्या सुमारास मुलींच्या सुंतेविरुद्ध शपथ घेण्याची सक्ती केली तेव्हा हजारो किकुयू मिशनांबाहेर पडले. ती चाल स्त्रीदेहावर अत्याचार करणारी होती आणि केनियाने ती आज कायद्याने बंद केली आहे, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. परंतु त्या वादातून ज्या स्वतंत्र शाळा निघाल्या, त्या लोकांनी स्वतःच्या वर्गणीने, स्वतःच्या हातांनी भिंती उभारून चालविल्या. त्यांना शिक्षक पुरविण्यासाठी अमेरिकेत शिकून आलेल्या पीटर म्बियू कोइनांगे यांनी १९३९ मध्ये गिथुंगुरी येथे अध्यापक विद्यालय काढले, आणि १९४६ मध्ये परतलेला केन्याटा त्याचा प्राचार्य झाला.

आप्पासाहेब पंत नैरोबीत पोहोचले ते अशा वेळी, १९४८ साली. त्यांच्या पाठीशी कोणती शिदोरी होती ते पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील यमाईच्या डोंगराखालचे औंध ही त्यांच्या घराण्याची राजधानी. संस्थान सत्तरांवर विखुरलेल्या गावांचे. ऑक्सफर्डमध्ये शिकून बॅरिस्टर होऊन आलेल्या आप्पासाहेबांनी मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यासह वडिलांचे मन वळविले. नोव्हेंबर १९३८ मध्ये बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेस देण्याचे जाहीर केले. गांधीजींच्या सल्ल्याने घटना सिद्ध झाली, आणि गावोगावच्या पंचायतींच्या हाती कारभार गेला. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली ती याच प्रयोगात. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटाची प्रेरणा तेथली. मार्च १९४८ मध्ये औंध मुंबई प्रांतात विलीन झाले. अधिकार स्वहस्ते सोडून दिलेल्या घराण्याचा पुत्र त्याच वर्षी अशा मुलखात गेला की जेथे मूठभर गोरे अधिकाराचा तसूभर अंश सोडावयास तयार नव्हते.

हिंदी लोकांनी आफ्रिकींच्या हिताआड येणारी कोणतीही सवलत मागू नये, हे नेहरूंचे धोरण होते. ते आप्पासाहेबांनी केवळ भाषणांतून सांगितले नाही. वर्णभेदाने विभागलेल्या नैरोबीत त्यांचे घर सर्वांना खुले असे, आणि त्यांच्या पत्नी नलिनीदेवी, ज्या स्वतः शल्यविशारद होत्या, त्यांच्या पंक्तीला आफ्रिकी, हिंदी आणि गोरे एकत्र बसत. केन्याटा आणि कोइनांगे पितापुत्र यांच्याशी त्यांचे निकटचे संबंध जडले. पिता म्हणजे वृद्ध सरदार कोइनांगे, ज्यांनी जमीन चौकशी मंडळापुढे आपला हक्क शाबीत करण्यासाठी आजोबांची अस्थी त्या जमिनीतून उकरून दाखविल्याचे सांगतात. आफ्रिकी विद्यार्थ्यांस हिंदुस्थानात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. नैरोबीतील हिंदी समाजाने गांधी स्मारकासाठी जमविलेल्या निधीतून उच्च शिक्षणाची जी संस्था कल्पिली गेली ती तेथील तंत्रविद्यालयात सामील झाली, आणि त्यातूनच पुढे नैरोबी विद्यापीठ उभे राहिले. गोऱ्या वसाहतवाल्यांस आणि गव्हर्नरास हे सारे डोळ्यांत खुपत होते.

२० ऑक्टोबर १९५२ रोजी गव्हर्नर बेअरिंग यांनी आणीबाणी पुकारली. शपथ घेऊन अरण्यात शिरलेल्या किकुयू तरुणांच्या बंडास माऊ माऊ असे नाव पडले होते, आणि केन्याटा हाच त्याचा सूत्रधार असे गृहीत धरून त्यास पाच सहकाऱ्यांसह कापेंगुरिया येथे खटल्यास उभे केले. बचावाच्या वकिलांत नेहरूंनी धाडलेले दिवाण चमनलाल होते, आणि मूळच्या गोमंतकीय घराण्यातील तरुण फिट्झ डिसूझाही होते. एप्रिल १९५३ मध्ये सात वर्षांची सक्तमजुरी झाली. वृद्ध कोइनांगे स्थानबद्ध झाले. स्वतंत्र शाळा बंद झाल्या. केन्याटा परिवाराशी आप्पासाहेबांचे सख्य हा आता राजद्रोहाचा पुरावा समजला जाऊ लागला, ब्रिटिशांनी दिल्लीकडे तगादा लावला, आणि १९५४ साली त्यांस नैरोबी सोडावी लागली. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मश्री दिली.

माऊ माऊचे बंड हे काळ्यांचे गोऱ्यांविरुद्ध बंड एवढेच समजणे अपुरे आहे. त्यात मारल्या गेलेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांची संख्या ३२. सरकारी हिशेबानेच बंडखोर मृतांची संख्या ११,००० वर. आणि फाशी गेलेले १,०९०. किकुयूंनी किकुयूंस मारले, आणि ते का, हे लारीच्या प्रकरणावरून कळते. गोऱ्यांसाठी तिगोनीची जमीन मोकळी करताना सरकारने तेथल्या किकुयू म्बारींना लारी येथे जमीन देऊ केली. लुका नावाच्या मुखियाने ती पत्करली आणि तो सधन झाला, नाकारणारे निर्धन झाले. २६ मार्च १९५३ च्या रात्री लुका आणि त्याच्या पक्षाच्या लोकांची घरे पेटविण्यात आली. ७० हून अधिक माणसे मेली, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले. आणि सूड म्हणून सरकारपक्षीयांनी पहाटेपर्यंत त्याहून अधिक माणसे मारली. खटले मारेकऱ्यांच्या एकाच पक्षावर झाले. त्यांचे न्यायासन गिथुंगुरीस मांडले होते.

मग दहा लाखांहून अधिक लोकांस विखुरलेल्या घरांतून उठवून तारेच्या कुंपणातील ८०० च्या वर गावांत कोंडले, आणि हे कोंडलेपण चालू असतानाच स्विनर्टन यांच्या १९५४ च्या योजनेखाली म्बारीच्या जमिनींची एकत्र मोजणी होऊन एकेकाच्या नावे खाती पडली. पट्टे मिळाले ते हजर असलेल्यांना, म्हणजे मुख्यतः सरकारच्या बाजूच्या गृहरक्षकांना. स्थानबद्ध छावण्यांत होते त्यांचे तुकडे गेले, आणि अहोईंचा तर कागदावर कोठे उल्लेखच राहिला नाही. इंदापूरची जमाबंदी लोकांस निदान घरात ठेवून झाली होती.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि केन्याटा सत्तेवर आला. गोऱ्यांची शेते कर्जाऊ पैशाने विकत घ्यावयाची असे ठरले. तेव्हा ज्यांच्याजवळ पैसा वा वशिला होता त्यांना ती मिळाली, अरण्यातून बाहेर आलेल्यांना क्वचितच. जमीन फुकट द्यावी असे म्हणणारा बिल्दाद काग्गिया हा कापेंगुरियाचा कैदी सरकारातून दूर झाला. त्याच मताचा पिओ गामा पिंटो, जो गोमंतकीय आईबापांपोटी नैरोबीत जन्मला, हिंदुस्थानात शिकला, गोवामुक्तीसाठी झटला आणि माऊ माऊला साह्य केल्याबद्दल वर्षानुवर्षे स्थानबद्ध राहिला, त्यास २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत स्वतःच्या दारात गोळ्या घालून ठार मारले. किकुयू भाषेत नाटक लिहून ते लिमुरूच्या शेतमजुरांकडून करविल्याबद्दल न्गुगी वा थ्योंगो या थोर लेखकास १९७७ मध्ये केन्याटाच्याच सरकारने तुरुंगात टाकले, आणि तेथे त्याने शौचालयातील कागदावर किकुयू भाषेतील कादंबरी लिहिली.

भूमिहीन किकुयू पश्चिमेकडील रिफ्ट खोऱ्यात वसविले गेले, जेथील कालेंजिन आणि मासाई लोकांच्या दृष्टीने आता हेच परके होते. निवडणूक आली की हा जुना सल उसळून येई. २००७ च्या अखेरच्या मतदानानंतर झालेल्या दंगलीत १,१०० हून अधिक माणसे मेली, आणि त्यांत किकुयू जसे मारले गेले तसे त्यांनी इतरांसही मारले. केन्याटा, किबाकी आणि केन्याटापुत्र उहुरू असे तीन राष्ट्राध्यक्ष या समाजाने दिले. परंतु राष्ट्राध्यक्ष आपल्यातला असल्याने आपणांस जमीन मिळते हा किकुयू शेतमजुराचा अनुभव नाही, आणि इतर समाजांची तशी समजूत मात्र दृढ आहे. २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने छावण्यांतील छळाबद्दल खेद व्यक्त करून ५,२२८ वृद्ध स्त्रीपुरुषांस सुमारे २ कोटी पौंड भरपाई दिली. ती देहास झालेल्या यातनांची होती. गिथाकाची भरपाई तीत धरलेली नव्हती. २०१० च्या नव्या घटनेने राष्ट्रीय भूमी आयोग निर्माण केला असून जुन्या अन्यायांच्या तक्रारी त्याच्याकडे दाखल झाल्या आहेत. त्यांत मोजणीच्या वेळी छावणीत असल्यामुळे ज्यांचे नाव खात्यावर चढले नाही, अशा माणसांच्या नातवंडांचे अर्जही आहेत.